मधली आच

माझ्या नणंदेसमोर गरम तवा नळाखाली धरायची सोय नाही. तो चर्र करायच्या आत त्या कुठून तरी येतात आणि माझं मनगट धरतात. काचेच्या पेल्यात चहा ओतायचा तर पेला आधी कोमट पाण्याने विसळून घ्यायचा, तापलेली इस्त्री गार फरशीवर टेकवायची नाही, शेगडीवरून उतरवलेली किटली खिडकीच्या वाऱ्यात ठेवायची नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं, घरात सासू नाही त्याची कसर ही बाई भरून काढते आहे. पुढे कळलं की माणसांच्या बाबतीत त्या अगदी मऊ आहेत, हा सगळा धाक फक्त गरम वस्तूंसाठी आहे. मी त्यांना वन्सं म्हणते. त्यांना ते आवडत नाही, म्हातारं झाल्यासारखं वाटतं म्हणतात. म्हणून मी जरा जास्तच म्हणते.

हे वेड त्यांना वडिलांकडून आलं. माझे सासरे कपबशांच्या कारखान्यात भट्टीवर होते. भट्टी विझली की दार उघडायची घाई सगळ्यांना, आणि घाईने उघडलं की आतल्या बशा तडकणार हे ठरलेलं. म्हणून सासरे दाराला पाठ लावून बसायचे आणि खुद्द मालक आला तरी हलायचे नाहीत. वन्सं शाळेतून सुटल्या की थेट तिकडे जायच्या, बापाशेजारी बसून गृहपाठ करायच्या. भट्टीला निवायला वेळ द्यायचा असतो हे त्या बाराखडीबरोबरच शिकल्या. पुढे त्यांनी लग्न केलं नाही. का केलं नाही हे मी एकदाच विचारलं आणि कानाला खडा लावला.

आता त्या एका संशोधन संस्थेत भट्ट्या चालवतात. मी घरी शिवणकाम करते, आणि संस्थेला लागणारे जाड हातमोजे, भट्टीवरची कापडी झाकणं माझ्याकडूनच शिवून जातात. त्यामुळे त्यांची खोली मी पाहिलेली आहे. लांबट खोली, एका भिंतीशी कपाटाएवढ्या भट्ट्या, फरशीवर पिवळा पट्टा ओढलेला. माझ्यासारखीने पट्ट्याच्या अलीकडे उभं राहायचं. कोपऱ्यात एक उभा पंखा, त्याची जाळी तापून तापून तपकिरी झालेली. पंख्यामागे एक खुर्ची, तिच्यावर वन्संचा स्वेटर. भट्टीच्या खोलीत स्वेटर कशाला असं मी विचारलं होतं, तर म्हणाल्या, बाहेर पडल्यावर एकदम गार लागतं. स्वतःलाही त्या बशीसारखंच जपतात.

त्या भट्टीत काय तापवतात, तर एक नव्या जातीची माती. तिला खरं नाव मोठं आहे, पण मी मातीच म्हणते आणि वन्संनी मला सुधारायचं सोडून दिलं आहे. ही कपबशीच्याच कुळातली, पण कितीतरी पट आच सोसणारी. तिच्या पोटात केसाहून बारीक धाग्यांचं कापड असतं, धागेही त्याच कुळातले. प्रत्येक धाग्यावर आधी एक पातळ लेप चढवतात आणि मग धाग्यांच्या मधल्या सगळ्या जागेत माती भरून भाजतात. साधी बशी एका भेगेत जाते. इथे भेग धाग्यापर्यंत येते, धागा आपल्या लेपात जरासा सरकतो, आणि भेगेचा जोर तिथेच जिरतो. मला हे पटायला अजिबात वेळ लागला नाही. कोटाचं अस्तर मी कधी गच्च शिवत नाही, गच्च शिवलं तर हात वर करताच दोन्ही कापडं एकदम टरकतात. चांगली पट्टी मोडली तर तिच्या तुटल्या टोकाला ब्रशासारखे धागे बाहेर आलेले दिसतात. वाईट पट्टी बिस्किटासारखी सपाट मोडते.

एकदा तापवून तसंच तापतं ठेवलं तर हे सगळं मुकाट सोसतं. खरा छळ तापण्या-निवण्याचा. धागे आणि माती दोघंही तापली की फुगतात, निवली की आकसतात, पण सारख्या मापाने नाही, आणि त्या ओढाताणीत मातीला बारीक भेगा पडतात. असा किती छळ सोसवतो हे पाहणं हेच वन्संचं काम. करंगळीएवढ्या पट्ट्या धगधगत्या भट्टीत सरकवायच्या, पुरत्या तापल्या की बाहेर ओढून पंख्यासमोर धरायच्या, निवल्या की परत आत. शेकडो फेऱ्या झाल्या की पट्टी यंत्रात घालून मोडेपर्यंत वाकवायची. पंख्यासमोर धरायची ही रीत बापाच्या या लेकीला कधी रुचली नाही. रीत आहे म्हणून करते, असं त्या तोंड वाकडं करून सांगायच्या.

धाग्यांना लेप देण्याचं काम वर्षानुवर्षं एक काका करायचे. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक मुलगी आली, कच्च्या नेमणुकीवर. सगळे तिला लेपवाली म्हणू लागले. वाळकी, बोलायला लागली की वाक्य अर्ध्यावर सोडून दुसरं धरणारी, जेवायचीसुद्धा उभ्याने. एका खोलीत भाड्याने राहत होती. वन्संनी तिला घरी आणलं आणि मग ती येतच राहिली. पहिल्याच दिवशी तिने मला न विचारता माझं शिलाई मशीन उघडलं, कुरकुर थांबवली, आणि गिऱ्हाइकाच्या कापडावर तेल सांडलं. मी चांगलीच फैलावर घेतली. तिने निमूट ऐकून घेतलं, कापड धुऊन आणलं, डाग होता तसाच होता. मला ती तेव्हापासून आवडायला लागली हे मी कुणाला सांगितलं नाही.

तिच्या हातच्या पहिल्या पट्ट्या चाचणीत उतरल्या तर तिची नेमणूक पक्की होणार होती. त्या पट्ट्यांवर आणखीही एक गोष्ट ठरायची होती. काच वितळवणाऱ्या एका कारखान्याला त्यांच्या बर्नरसाठी या मातीच्या नळ्या हव्या होत्या, आणि त्यांची माणसं निकालाची वाट पाहत होती. लेपवालीच्या घासाघासातून चिंता दिसायची. वन्सं तिला म्हणायच्या, तू काळजी करू नकोस, तुझ्या पट्ट्या माझ्या हातात आहेत.

आणि त्या सगळ्या पट्ट्या बिस्किटासारख्या मोडल्या.

एकही नीट मोडली नाही. काकांच्या पट्ट्या याच भट्टीतून, तितक्याच फेऱ्या सोसून तरल्या होत्या. म्हणजे बदललं काय, तर लेप देणारं माणूस. मग खापर कुणावर फुटणार हे सांगायला नकोच. साहेबांनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, तिला बोलावून शांतपणे सांगितलं की महिनाअखेरीनंतर नेमणूक पुढे जाणार नाही. मला तो शांतपणाच जास्त झोंबला. माणसाने ओरडावं तरी, म्हणजे समोरच्याला रडता येतं. मुलगी आमच्याकडे आली, एका नातेवाइकाच्या दुकानात काम मिळेल असं काहीतरी पुटपुटली, आणि ताटातलं तसंच टाकून गेली. वन्संनी तिला थांबवलंसुद्धा नाही. मला राग आला. इतका जीव लावला आणि आता तोंडातून शब्द नाही, असं मी त्यांच्या पाठीमागे, पण त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलले.

दुसऱ्या दिवशी वन्सं कामावर गेल्या आणि मोडलेली टोकं भिंगाखाली धरून एकेक पाहत बसल्या. लेप मुळातच वाईट असता तर पट्टी आरपार सपाट मोडायला हवी होती. तसं नव्हतं. कडांना सपाट, आणि अगदी मधोमध थोडे धागे ब्रशासारखे उभे. म्हणजे आत सगळं ठीक होतं, जे काही बिघडलं ते बाहेरून आत शिरत गेलं होतं. बाहेरून आत शिरेल अशी एकच गोष्ट असते, हवा. हे त्यांना कळलं आणि त्या तशाच रजा टाकून घरी आल्या.

मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. त्या बादलीशेजारी पालथ्या पाटावर बसल्या. 

"तिचं काही चुकलं नाही," त्या म्हणाल्या. "मी पंखा लावलाच नाही. तिच्या पट्ट्या मी सावकाश निववल्या."

मला आधी काही समजेना. सावकाश निववणं म्हणजे तर चांगलंच की. इतकी वर्षं माझा हात धरून त्यांनी मला तेच शिकवलं होतं. मग त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि ते साहेबांनीच कधीकाळी फळ्यावर काढून दाखवलं होतं हेही सांगितलं. पट्टी पूर्ण तापलेली असते तेव्हा तिच्यावर काचेसारखी साय धरते आणि ती भेगा बुजवते, हवा आत जात नाही. पट्टी गार असते तेव्हा भेगा उघड्या असतात, पण गार हवेने काही जळत नाही. घात होतो तो मधल्या आचेत. न धड गरम, न धड गार. भेगा उघडलेल्या, साय घट्ट होऊन बसलेली, आणि आत शिरलेल्या हवेला लेप जाळण्याइतकी धग मात्र आहे. लेप जळाला की त्या जागी काचेचा थर धरतो आणि धागा मातीला चिकटून बसतो. मग तो सरकत नाही, आणि भेग आली की मातीबरोबर धागाही तुटतो. पंख्यासमोर पट्टी ही मधली आच चुटकीसरशी ओलांडते. वन्संनी पोरीच्या पट्ट्या भट्टीतच ठेवून, आच थोडी थोडी उतरवत, अगदी लाडाने निववल्या होत्या. म्हणजे दर फेरीला पट्ट्या मधल्या आचेत शिजत बसल्या होत्या.

"पहिलंच काम होतं तिचं," वन्सं म्हणाल्या. "मला वाटलं, आपण जरा जपावं."

कुणाला विचारलं नाही, कारण त्यांना ते रीत मोडणं वाटलंच नव्हतं. भट्टीशी नीट वागणं वाटलं होतं. मला त्यांची अशी कीव आली की हातातला ओला शर्ट मी तसाच पिळत राहिले.

संध्याकाळी माझा नवरा घरी आला. बहिणीवर त्याचा जीव आहे, आणि जीव असला की माणूस भलते सल्ले देतो. तो म्हणाला, निवृत्तीला आता थोडाच काळ उरला आहे, आधी नीट खात्री कर, लगेच बोलायची काय गरज, पोरीला दुसरीकडे कुठेही काम मिळेल. मी त्याला म्हटलं, पोरीला काम मिळेल, पण तू उद्यापासून तिच्याशी कोणत्या तोंडाने बोलशील ते सांग. वन्सं आमच्या दोघांकडे न बघता म्हणाल्या की सकाळी सांगणार आहे, त्यात ठरवायचं काय आहे.

सकाळी मी त्यांच्याबरोबर गेले. हातमोजे तयार नव्हते, तरी चिंध्या भरून पिशवी फुगवली आणि निघाले. पलीकडून काय ऐकू येतंय याकडे कान लावून मी पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे उभी राहिले. साहेब भट्टीपाशीच होते. वन्संनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, एकदाही 'पण' म्हणाल्या नाहीत. साहेब चष्मा पुसत होते ते पुसायचे थांबले. मला वाटलं, आता त्या शांत आवाजात वन्संनाही घरी पाठवतात. त्यांनी एवढंच विचारलं, की मधल्या आचेत पट्ट्या साधारण किती वेळ होत्या. वन्संनी सांगितलं. साहेब खुर्चीवर बसले, स्वेटरवरच बसले.

"काकांच्या पट्ट्या उरल्या आहेत ना," ते म्हणाले. "त्या घ्या आणि अगदी तशाच निववा. तुमच्या पद्धतीने."

त्या फेऱ्या संपेपर्यंत आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही. आणि काकांच्या पट्ट्याही मोडल्या. तशाच, बिस्किटासारख्या. इतकी वर्षं उत्तम म्हणून नावाजलेला लेप, पण त्याला मधल्या आचेत कुणी कधी बसवलंच नव्हतं. साहेबांना विचारायचा प्रश्न लगेच सुचला आणि त्यांनी काचेच्या कारखान्यात फोन करून विचारला. तुमच्या भट्ट्या डागडुजीसाठी बंद करता तेव्हा त्या कशा निवतात? उत्तर आलं, आपोआप निवतात, सावकाश. म्हणजे त्या नळ्या कारखान्यात बसल्या असत्या तर दर डागडुजीला लेप जळत जाऊन चालू भट्टीत माणसं आजूबाजूला असताना कधीतरी फुटल्या असत्या. साहेबांबद्दल माझं मत तेव्हा थोडं बदललं. चूक कळल्यावर ज्याला पुढचा प्रश्न सुचतो, त्याला मी फार वाईट म्हणणार नाही.

तरीही त्यांनी वन्संना लेखी ठपका दिला. रीत बदलली आणि सांगितलं नाही, म्हणून. यापुढे भट्टीची आच त्यांनी एकटीने ठरवायची नाही, दुसऱ्या कुणाची सही घ्यायची. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. यांच्यामुळे केवढा अनर्थ टळला आणि वर यांनाच ठपका. वन्सं मात्र म्हणाल्या, टळला तो नशिबाने, मी काही तो टाळायला गेले नव्हते. वर आणखी म्हणाल्या की ठपका बरोबर आहे, आणि पिशवीतल्या चिंध्या आता बाहेर काढ. त्याच दिवशी लेपवालीची नेमणूक वाढली, कच्चीच, पण वाढली.

ती आमच्याकडे जेवायला यायची मात्र बंद झाली.

वन्संना हे फार लागलं. संस्थेत दोघी रोज समोरासमोर, कामापुरतं बोलायच्या. मुलीच्या डोक्यावर कामाचा डोंगर होता, हेही खरं. मधल्या आचेतच वितळेल आणि भेगा बुजवेल अशी एक भुकटी मातीत मिसळायची, असं साहेबांनी ठरवलं होतं, आणि लेपही एकाऐवजी थरांचा द्यायचा होता. पहिल्या वेळी पट्ट्या फोड आल्यासारख्या फुगल्या. दुसऱ्या वेळी भुकटी इतकी झाली की पट्टी तापल्यावर मऊ पडून वाकली. काचेच्या कारखान्याने मात्र थांबायचं कबूल केलं, कारण खरं काय ते साहेबांनी त्यांना सांगून टाकलं होतं. वन्सं घरी आल्या की मी विचारायचे, आज काय म्हणाली? त्या म्हणायच्या, भुकटी जरा कमी करतेय म्हणाली. मी म्हणायचे, ते नाही विचारलं मी. त्या ताटं मांडायला घ्यायच्या.

नव्या पट्ट्यांच्या फेऱ्या पुऱ्या झाल्या त्या दिवशी मी पुन्हा तिथे होते, या वेळी खरोखरचे हातमोजे घेऊन. या पट्ट्यांना मुद्दाम पंखा दाखवला नव्हता. मुलीनेच सांगितलं होतं की सगळ्या सावकाश निववा, मधल्या आचेत बसू द्या. तिने पट्टी यंत्रात धरली. साहेब, वन्सं, ती, तिघंही यंत्राच्या पडद्यावरची रेघ बघत होती. मी पट्टी बघत होते, कारण मला रेघेतलं काही कळत नाही. पट्टी वाकायला लागली. मला वाटलं आता जाईल. बारीक करकर ऐकू आली, तशी ती आणखी वाकली, पण सुटली नाही. साहेब हळूच म्हणाले, धागे सरकतायत. बऱ्याच वेळाने ती तुटली तेव्हा मुलीने टोक उचलून उजेडात धरलं. आरपार केसाळ होतं, कडेपासून कडेपर्यंत.

साहेब फोन करायला बाहेर गेले. खोलीत आम्ही तिघी उरलो. मीही जायला हवं होतं, पण मी गेले नाही.

वन्संनी तिच्याकडे बघून सरळ विचारलं, "माझ्यावर राग आहे का गं अजून?"

मुलीने टोक खाली ठेवलं. या वेळी तिने वाक्य अर्ध्यावर सोडलं नाही.

"आजी, तुम्ही सांगितलं नसतं तर मी त्या दुकानात बसून जन्मभर हेच धरून चालले असते की माझा हातच वाईट आहे. राग कसला? माझ्यामुळे तुम्हाला ठपका बसला. मग तुमच्या घरी येऊन जेवायचं कसं, तेच मला समजत नव्हतं."

वन्संना आजी म्हणणारं आजवर कुणी नव्हतं, आणि वन्संवरून कुरकुरणाऱ्या या बाईने ते मुकाट ऐकून घेतलं. मला हसू आलं आणि डोळेही भरले, दोन्ही एकदम, आणि ते लपवायला मी हातमोजे मोजायला लागले. मुलीने टेबलावरचा ट्रे उचलला. त्यात पुढच्या पट्ट्या होत्या, आता नळ्यांच्या जाडीच्या. तिने तो वन्संच्या हातात दिला आणि भट्टीशेजारचा, आच लिहून सही घ्यायचा कागद पुढे ओढला.

"किती सावकाश निववू?" वन्संनी विचारलं.

"तुम्ही ठरवा," ती म्हणाली आणि कागदाच्या तळाशी, आकडा लिहायच्या आधीच, सही करून मोकळी झाली.